आयन चॅनेल आणि तापमान: मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत हा अभ्यास कसा करावा

आयन चॅनेल म्हणजे पेशीपटलातली, आयनांना ये-जा करू देणारी प्रथिनांची दारं. त्यांच्यावरच्या बहुतेक शोधनिबंधांत एक वाक्य हमखास सापडतं: मोजमापं खोलीच्या तापमानाला घेतली. थंड देशातल्या प्रयोगशाळेत त्याचा अर्थ २० ते २२ अंश सेल्सिअस. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकडी असतो आणि मे महिन्यात दुपारी चाळिशी ओलांडतो. त्याच खोलीत, त्याच टेबलावर दोन्ही ऋतूंत मोजलेले आकडे एका तक्त्यात मांडले, तर तो तक्ता चॅनेलबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून इथे काम करणाऱ्याने तापमानाचा विषय आवडीसाठी घेतला नाही तरी तो टाळता येत नाही.

हा लेख एमएस्सीला प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि त्यांना मार्गदर्शन करणारे प्राध्यापक यांच्यासाठी आहे. मुद्दा एकच धरून चालायचं आहे: तापमान पेशीजवळ मोजा, आणि जो बदल दिसला तो नेमका कशातला, हे वेगळं केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

तापमानाने नेमकं काय बदलतं

पेशीपटलातून वाहणारा प्रवाह तीन गोष्टींवर ठरतो: आयनाला ढकलणारा विद्युतदाब किती, उघड्या चॅनेलमधून आयन किती सहज जातो, आणि किती चॅनेल किती वेळ उघडी आहेत. तापमान तिन्ही बदलतं, पण सारख्या प्रमाणात नाही.

पहिल्याचा हिशोब नर्न्स्टच्या समीकरणाने वहीवरच होतो. एकसंयुजी आयनासाठी दहापट संहतीफरकामागे २० अंशाला ५८.२ मिलिव्होल्ट मिळतात, ३७ अंशाला ६१.५. पोटॅशियम आत १४० आणि बाहेर ४ मिलिमोलर असेल, तर २० अंशाला समतोल विभव (ज्या विद्युतदाबाला त्या आयनाचा निव्वळ प्रवाह थांबतो) उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास येतं आणि ४० अंशाला उणे ९६. म्हणजे वीस अंशांत जेमतेम सहा मिलिव्होल्टचा फरक.

दुसरी गोष्ट, उघड्या चॅनेलची वाहकता, साधारण पाण्यातल्या विसरणाच्या चालीने वाढते. दहा अंशांमागे १.३ ते १.५ पट. तिसरी, म्हणजे चॅनेल उघडण्या-मिटण्याचा वेग, हे खरं मैदान. तिथे प्रथिनाला आपला आकार बदलावा लागतो. त्यामुळे दहा अंशांमागे दोन ते चार पट फरक अगदी सामान्य आहे. उष्णता जाणणाऱ्या टीआरपीव्ही१ सारख्या चॅनेलमध्ये हाच आकडा वीसच्या वर जातो.

नुसता एकूण प्रवाह वाढलेला पाहून ‘चॅनेल तापमानाला संवेदनशील आहे’ असं लिहिता येत नाही, त्याचं कारण हेच. वाहकतेतली वाढ जवळपास प्रत्येक चॅनेलमध्ये दिसणारच.

क्यू-टेन काढताना

दहा अंशांमागे वेग किती पट होतो, त्या आकड्याला क्यू-टेन म्हणतात. दोन तापमानांच्या मोजमापांचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याचा घात दहा भागिले तापमानातला फरक एवढा करायचा. समजा २५ अंशाला प्रवाह २०० पिकोअँपिअर आहे आणि ३५ ला २६०, तर क्यू-टेन १.३. त्याच पेशीत चॅनेल उघडण्याचा कालांक, म्हणजे उघडायला लागणारा ठराविक वेळ, ६ मिलिसेकंदांवरून २ वर आला, तर वेगाचा क्यू-टेन ३. एकाच पेशीतून दोन वेगळे आकडे आले आणि दोन्ही बरोबर आहेत. कोणता आकडा कशाचा, हे लिहायला मात्र विसरू नये.

उष्णतासंवेदी चॅनेलमध्ये फरक पाच अंशांतच दिसतो. ४० अंशाला ५० पिकोअँपिअर आणि ४५ ला ४०० असेल, तर गुणोत्तर आठ आणि क्यू-टेन चौसष्ट. अशा ठिकाणी तापमान मोजण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर कुठल्या कुठे जातं.

दोनच बिंदूंवर भागवू नका. निदान पाच-सहा तापमानं घ्या, वेगाचा नैसर्गिक लॉगरिदम केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा. सरळ रेष आली तर उतारावरून सक्रियण ऊर्जा मिळते. मोलला ५० किलोज्यूल म्हणजे या पट्ट्यात क्यू-टेन सुमारे १.९. रेष मध्येच मोडली तर खूश होण्याआधी थांबा. पटलातल्या मेदाची अवस्था बदलली असेल, वेग ठरवणारी पायरी बदलली असेल किंवा पेशी मरायला लागली असेल. तापमान खाली आणून रेष पुन्हा त्याच वाटेने परतते का, ते पाहिल्यावरच बोलावं.

पहिला प्रयोग कॉम्प्युटरवर

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली स्क्विडच्या जाड चेतातंतूचं जे गणित मांडलं, ते ६.३ अंशाला बसवलेलं आहे. इतर तापमानांसाठी चॅनेल उघडण्या-मिटण्याचे सगळे दर तीनच्या घाताने गुणायचे. घात म्हणजे तापमान वजा ६.३, भागिले दहा. १६.३ ला गुणक ३, २६.३ ला ९, ३६.३ ला २७. पायथनमध्ये हे पन्नास ओळींत बसतं आणि कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. तापमान वाढवाल तशी वेळेची पायरी बारीक करा, कारण दर सत्तावीस पट झाल्यावर आधीची पायरी चुकीची उत्तरं देते.

चालवून पाहिल्यावर दिसतं की तापमान वाढतं तसा स्पाइक (विभवाची क्षणिक उसळी, म्हणजेच चेतासंदेश) अरुंद होतो आणि बुटका होत जातो. तिशीच्या आसपास नीट स्पाइक उरतच नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. चॅनेलचे दर वाढले, पण पटलाची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) होती तेवढीच राहिली. सोडियमने पटल पुरतं भारित होण्याआधीच सोडियमची दारं मिटतात आणि पोटॅशियमची उघडतात. खऱ्या स्क्विडच्या तंतूतही तापवल्यावर संदेश थांबतो आणि थंड केल्यावर परत येतो. माणसाच्या चेतापेशींची चॅनेल वेगळी आहेत, तेव्हा हा आकडा आपल्याला लावायला जाऊ नये.

ही पायरी गाळू नका. ती केल्यावर पुढचा ओला प्रयोग करताना आपण काय शोधतोय, हे आधीच ठाऊक असतं.

तापमान मोजण्याची शिस्त

मराठवाड्यात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

स्टेनलेस स्टीलच्या नळीतले डिजिटल सेन्सर बाजारात स्वस्त मिळतात. ते खोली आणि बीओडी इन्क्युबेटर (गरम आणि थंड दोन्ही करणारं कपाट) यांच्यासाठी ठीक आहेत. पण त्यांची अचूकता अर्ध्या अंशाची, नळी जाड आणि प्रतिसाद मंद. पेशीच्या भांड्यात काचेत बसवलेला मोहरीएवढा किंवा त्याहून लहान मण्याचा थर्मिस्टर (तापमानाने ज्याचा विद्युतरोध बदलतो असा सेन्सर) हवा. त्यातून प्रवाह कमीत कमी सोडा, नाहीतर तो स्वतःच तापतो.

कॅलिब्रेशन करताना शून्यासाठी डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ बारीक ठेचून, तो वितळत असताना त्यात थर्मिस्टर ठेवा. उकळत्या पाण्याला मात्र १०० अंश धरू नका. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आपलं काम १० ते ४५ अंशांत चालणार आहे, तेव्हा त्याच पट्ट्यात प्रमाणित पाऱ्याच्या थर्मामीटरशेजारी ठेवून दर पाच अंशांनी नोंद घेतलेली बरी.

आता खोली. उन्हाळ्यात कूलर चालू असतो, त्याचा झोत थेट उघड्या भांड्यावर येतो, बाष्पीभवनाने द्रावण थंडही होतं आणि घट्टही. खोलीतला आकडा ३२ आणि भांड्यातला २८ असा फरक सहज पडतो. प्रयोग चालू असताना पंखा-कूलर बंद किंवा झोत आडवलेला, भांडं झाकलेलं किंवा त्यावर मिनरल ऑइलचा पातळ थर, आणि दीर्घ प्रयोगानंतर द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) पुन्हा तपासलेली. शक्य असेल तर सकाळी सात ते अकराची वेळ धरा. खोली त्या वेळी स्थिर असते.

थंड करायला पेल्टिए मॉड्यूल सोयीचं आहे, पण ते एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला फेकतं. खोली चाळीस अंशांवर असली तर हीट सिंकवर पंखा लावूनही हवं तेवढं खाली जाता येत नाही. हीट सिंकमधून बर्फाचं पाणी फिरवलं तर काम होतं. मॉड्यूल डीसीवर चालवा, कारण एसी हीटरचा ५० हर्ट्झचा आवाज थेट नोंदीत शिरतो. लाइट गेली तर यंत्रणा इन्व्हर्टरवर जाताना तापमान किती ढळतं, ते एकदा मुद्दाम मोजून ठेवा.

आणखी एक, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: साधा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. त्याला ३७ अंश राखायला बाहेरची हवा निदान पाच अंशांनी थंड लागते. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत पेशी रात्रंदिवस उष्माघात सोसत असतात आणि नंतर त्यांच्यावर ‘तापमानाचा परिणाम’ मोजला जातो.

कारा शेवाळावरचा प्रयोग

लाखो रुपयांच्या यंत्राशिवाय आयन चॅनेलचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल, तर कारा आणि नायटेला ही शेवाळं घ्या. यांच्या कांड्यातली एकच पेशी काही सेंटीमीटर लांब असते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पाझर तलावाच्या किंवा शेततळ्याच्या संथ, नितळ, उथळ पाण्यात शोधा. कारा हाताला चुन्यामुळे खरखरीत लागते आणि चुरगळल्यावर लसणासारखा उग्र वास येतो. काही जातींच्या कांड्यावर लहान पेशींचं आवरण असतं आणि त्यातून आतलं काही दिसत नाही. आवरण नसलेली, स्वच्छ काचेसारखी कांडी निवडा. नायटेलात तशी सहज मिळतात.

नळाचं क्लोरीनचं पाणी नको. तळ्याचंच पाणी गाळून आणा किंवा कृत्रिम तळ्याचं पाणी बनवा: सोडियम क्लोराइड १, पोटॅशियम क्लोराइड ०.१ आणि कॅल्शियम क्लोराइड ०.५ मिलिमोलर. शेजारच्या कांड्या कापून एक पेशी मोकळी करा, पेशीला चिमटा लावू नका, आणि एक रात्र विश्रांती द्या.

सूक्ष्मदर्शकाखाली जीवद्रव्य एका कडेने वर आणि दुसऱ्या कडेने खाली वाहताना दिसतं. सेकंदाला पन्नास ते शंभर मायक्रोमीटर, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही सहज टिपता येतं. आता दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर धक्का द्या. वाहणं एकदम थांबतं. सगळे कण जागच्या जागी. मग काही वेळाने एखादा कण हलतो, दुसरा हलतो, आणि काही मिनिटांत ओघ पूर्ववत होतो. धक्क्याने पेशीद्रव्यात कॅल्शियम वाढतं, त्याने क्लोराइडची चॅनेल उघडतात, क्लोराइड बाहेर पडतो, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडून विभव सावरतं. वाहणं थांबतं ते याच कॅल्शियममुळे.

हा प्रयोग १०, १५, २०, २५ आणि ३० अंशांवर करा. प्रत्येक पायरीवर पेशीला स्थिरावू द्या आणि दोन धक्क्यांमध्ये निदान पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. थांबण्यापासून पूर्ववत होईपर्यंतचा वेळ मोजा. फक्त एक खबरदारी: वाहणं ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांच्या जोरावर चालतं आणि त्याला स्वतःचा क्यू-टेन आहे. तेव्हा धक्का न देता प्रत्येक तापमानाला वाहण्याचा वेग आधी मोजून ठेवायलाच हवा, आणि या वेळावरून थेट ‘चॅनेलचा क्यू-टेन’ म्हणून आकडा देता येणार नाही.

तो हवा असेल तर विद्युत नोंद घ्या. ॲक्रिलिकच्या पट्टीत दोन छोटे हौद कोरा, मधल्या खाचेत व्हॅसलीन भरून पेशी आडवी ठेवा. एका हौदात तळ्याचं पाणी, दुसऱ्यात १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियमच्या बाजूचं विभव शून्याजवळ येऊन तिथेच राहतं, त्यामुळे दोन हौदांमधला फरक म्हणजे जवळपास पेशीपटलाचं विभव. चांदीच्या तारेवर क्लोराइडचा थर चढवून इलेक्ट्रोड करा आणि एडी ६२० सारखा उच्च प्रतिबाधेचा ॲम्प्लिफायर जोडा. संदेश सुमारे शंभर मिलिव्होल्टचा आणि सेकंदांच्या चालीचा असतो, म्हणून साधा डेटा लॉगरही पुरतो. थंडीत तो पसरट होत जातो. चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ वेगवेगळा मोजा, कारण दोन्हींमागची चॅनेल वेगळी आहेत.

पॅच क्लॅम्पपर्यंत पोहोचल्यावर

पॅच क्लॅम्पमध्ये काचेची बारीक पिपेट पेशीपटलाला घट्ट चिकटवून चॅनेलमधला प्रवाह मोजतात. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये दाखवलेल्या या तंत्रासाठी बहुधा पुणे, मुंबई किंवा बंगळुरूच्या संस्थेत जावं लागेल. तिथे महिनाभराची वेळ मिळाली, तर पहिला आठवडा चॅनेलवर नव्हे, तापमानावर घालवा. पेशी म्हणून एचईके २९३ (मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी) घेतल्यात तर त्या पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या पेशी-भांडारातून मिळतात. जनुक घालायचं असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी काढा.

उदाहरण म्हणून टीआरपीव्ही१ घेऊ. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलेलं हे चॅनेल सुमारे ४३ अंशाला उघडतं, आणि भोकरदन-सिल्लोड पट्ट्यातल्या मिरचीतल्या कॅप्सेसिननेही. या कामासाठी २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. चाळीस अंशांच्या खोलीत हे चॅनेल उंबरठ्यावरच बसलेलं असणार, म्हणून भांडं २५ अंशांवर स्थिर करूनच सुरुवात करा.

द्रावणाचा पीएच कामाच्या तापमानाला बसवा. ट्रिस बफर दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो: २५ अंशाला ७.४ बसवलेलं द्रावण ४२ अंशाला ६.९ च्या आसपास असतं. हेपीस हा दुसरा बफर निम्म्याने कमी सरकतो. टीआरपीव्ही१ आम्लालाही प्रतिसाद देतं, त्यामुळे ट्रिस वापरलात तर उष्णता आणि आम्ल यांची सरमिसळ होईल. हेपीसच घ्या, आणि कॅल्शियममुळे चॅनेल निपचित पडू नये म्हणून पहिल्या प्रयोगात बाहेरच्या द्रावणात कॅल्शियमऐवजी ते पकडून ठेवणारं ईजीटीए ठेवा. द्रावण आधी गरम करून त्यातली हवा काढून टाका. नाहीतर हीटरमधून येताना बुडबुडे सुटतात आणि एकच बुडबुडा पेशी उचलून नेतो. संदर्भ इलेक्ट्रोड तापणाऱ्या भांड्यात बुडवू नका. त्याचं स्वतःचं विभव तापमानाने बदलतं. अगार ब्रिजने (मिठाच्या जेलीने भरलेल्या नळीने) तो बाजूच्या, स्थिर तापमानाच्या भांड्यात ठेवा.

आता पेशीजवळचं खरं तापमान. थर्मिस्टर कितीही लहान असला तरी तो पेशीपासून थोडा दूरच असतो. इथे पिपेटच थर्मामीटर होते. पेशीला न टेकवता पिपेट तिच्या शेजारी आणा आणि ५ मिलिव्होल्टच्या पायऱ्या देत राहा. पाच मेगओहमच्या पिपेटमधून २५ अंशाला १ नॅनोअँपिअर वाहतो. गरम द्रावण येऊ लागलं की पडद्यावरची प्रत्येक पायरी आधीपेक्षा किंचित उंच दिसते, कारण मिठाच्या द्रावणाची वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. ३५ अंशाला आकडा १.२ नॅनोअँपिअरजवळ पोहोचतो. स्थिर तापमानांवर हा आलेख एकदा काढून ठेवला की पुढच्या प्रत्येक तापवण्यात पेशीपाशी नेमके किती अंश होते आणि ते किती उशिरा आले, हे कळतं. थर्मिस्टर ४३ दाखवत असताना पेशी ४१ वर असणं मुळीच दुर्मीळ नाही.

त्यानंतर होल-सेल घ्या, म्हणजे पिपेटखालचं पटल फोडून सगळ्या पेशीचा प्रवाह मोजा, उणे १०० ते अधिक १०० मिलिव्होल्टचा रॅम्प (सलग चढत जाणारा विद्युतदाब) ठराविक अंतराने देत राहा आणि भांडं सावकाश तापवा. २००४ मध्ये दाखवलं गेलं की टीआरपीव्ही१ आणि थंडी जाणणारं टीआरपीएम८ यांचं उघडणं विभवावरही अवलंबून असतं. कोणत्या विभवाला चॅनेल किती उघडतं त्याचा वक्रच तापमान डाव्या-उजव्या बाजूला सरकवतं. म्हणून एकाच विभवावर मोजून ‘उंबरठा ४३ अंश’ असा एकच आकडा देणं अपुरं आहे. कोणत्या विभवाला, कोणत्या पीएचला, हे सोबत हवंच.

तापमान वाढताना सीलमधली (पिपेट आणि पटल यांच्या घट्ट जोडातली) गळतीही वाढते आणि ती चॅनेलच्या प्रवाहासारखी दिसते. त्यावर उपाय तीन, आणि तिन्ही करायचे: जनुक न घातलेल्या एचईके पेशींवर हेच तापवणं, रुथेनियम रेड किंवा कॅप्सेझेपिन या चॅनेल रोखणाऱ्या द्रव्यांनी प्रवाह बंद होतो का हे पाहणं, आणि शेवटी २५ अंशांवर परत येऊन सील तपासणं. परतल्यावर गळती सुरुवातीपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर ती पेशी बाद. एकदा तापलेलं टीआरपीव्ही१ दुसऱ्या वेळी वेगळं वागतं, त्यामुळे एका भांड्यातल्या एकाच पेशीचं मोजमाप घ्या. बाजूच्या पेशीही त्याच उष्णतेतून गेलेल्या असतात.

माशीचा पर्याय

फळमाशीचं पॅरालिटिक जनुक सोडियम चॅनेल घडवतं. त्याचं तापमान-संवेदी उत्परिवर्तन असलेल्या माश्या २९ अंशाला लुळ्या पडतात आणि थंड केल्यावर उठून चालू लागतात. पदवीच्या वर्गासाठी हा उत्तम प्रयोग आहे. मात्र मराठवाड्यात मार्चनंतर या माश्या कपाटातच लुळ्या पडतील. स्टॉक बीओडीमध्ये १८ ते २२ अंशांवर ठेवा. शिबिरे नावाच्या माश्याही अशाच पडतात, पण तो दोष डायनामिन या प्रथिनाचा आहे, चॅनेलचा नव्हे. तुलनेसाठी दोन्ही ठेवल्या तर विद्यार्थ्यांना सारख्या दिसणाऱ्या लक्षणांमागची वेगळी कारणं शोधावी लागतात.

नोंदवही

प्रत्येक नोंदीशेजारी चार आकडे असावेत: खोलीचं तापमान, भांड्यातलं तापमान, पेशीजवळचं तापमान आणि वेळ. तापवण्याचा वेग, चढताना मोजलं की उतरताना, द्रावणाचा पीएच कोणत्या तापमानाला बसवला, आणि नमुना कोणत्या महिन्यात गोळा केला किंवा वाढवला, हेही. शेवटची नोंद क्षुल्लक वाटते, पण अनेक जीव थंडीत आणि उन्हाळ्यात पेशीपटलातल्या मेदाचं प्रमाण बदलतात, आणि जानेवारीत तळ्यातून आणलेली कारा मार्चमधल्या कारासारखी वागेलच असं नाही. दोन्ही महिन्यांतले नमुने हवे असतील तर ते आधी दोन आठवडे एकाच तापमानाच्या बीओडीमध्ये ठेवा, आणि न ठेवलेले नमुने वेगळ्या गटात मोजा.